अंदाजाने घट्ट

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.३०

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, खाडाखोड करायची नाही, आणि खरं तेच लिहायचं.

कारण महत्त्वाचं आहे. लेक २८ तारखेला निघते. नवी नोकरी, घाटापलीकडे, दोनशे दहा किलोमीटर, एकटी. गाडी मी तिला देणार असं परवा जेवताना जाहीर केलं. गाडी सतरा वर्षांची आहे, पण अकरा वर्षांत तिला बाहेरच्या माणसाचा हात लागलेला नाही. सगळं मीच बघतो. कि.मी.चा मीटर दोन वर्षं बंद आहे, तोही मीच दुरुस्त करणार आहे.

संकल्प : २८ पर्यंत गाडी नवरीसारखी करायची. सुरुवात चाकांपासून. चारही चाकं काढून साफ करणार. एक तासाचं काम.

२ फेब्रुवारी. दुपारी १.१५

पुढच्या डाव्या चाकाचा एक नट निघेना. गंजलेला. पान्याला नळाचा पाइप लावून लांब केला आणि पाइपवर उभा राहिलो. नट निघाला. नटाबरोबर स्टडही निघाला, म्हणजे ज्यावर नट बसतो तो दांडा. मुळापासून तुटला.

थोडक्यात, दांडा कमजोर होता. बरं झालं, माझ्यासमोर तुटला.

लेक गॅलरीतून बघत होती. म्हणाली, बाबा, उस्तादकडे नेऊया का? मी म्हटलं, त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही. तिनं काढलं नाही.

तुटका स्टड कचऱ्यात टाकला. डोळ्यांत भरून घेतलाय, पुरे.

३ फेब्रुवारी, सोमवार

उस्तादबद्दल एकदा लिहून मोकळा होतो. उताराखालचा गॅरेजवाला. अकरा वर्षांपूर्वी मी तिथे टायर बदलून घेतला आणि शेवटी नट स्वतः घट्ट करायला लागलो. हा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, साहेब, तुमच्या हातात जोर आहे, अंदाज नाही.

मला! वजनमापे कार्यालयात एकोणतीस वर्षं झाली मला. दुकानदाराच्या तराजूतला दोन ग्रॅमचा फरक मी काट्याकडे न बघता, दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघून सांगतो. तेव्हापासून त्या गॅरेजची पायरी चढलो नाही. चढणारही नाही.

ऑफिस सुटल्यावर स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, नमुना आणलाय? मी म्हटलं, नमुना माझ्या डोळ्यांत आहे. तो म्हणाला, डोळ्यातून काढून काउंटरवर ठेवा, मग मापू. उद्धट. म्हणे बारा एमएमच्या स्टडमध्येही आटे दोन तऱ्हेचे येतात, जवळजवळचे आणि लांब लांब. गाडीचा चेसिस नंबर आणा, नाहीतर तुटका दांडा आणा.

मी दोन्ही हातात घेऊन बघितले आणि एक उचलला. नजर म्हणजे नजर.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ

स्टड बसवला. जुना नट त्यावर दोन फेरे गुळगुळीत गेला, तिसऱ्याला अडला. नवीन माल असाच अडतो. तेल सोडलं, पाइप लावला, वर उभा राहिलो. कुईं असा आवाज करत आत गेला. आता तो जन्मात निघणार नाही.

लेक एका प्रयोगशाळेत काम करते. तिचा तिथला नोटिशीचा महिना संपायचाय. खाली आली, वाकली, नटाला बोट लावून बघितलं. म्हणाली, बाबा, आटे जुळले असते तर हा हातानेच फिरला असता. मी म्हटलं, प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या असतात, इथे लोखंड आहे.

आमची ही वरून म्हणाली, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. कशाबद्दल म्हणाली कळलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

लेक आता रोज गाडी घेऊन कामावर जाते. सवय व्हावी म्हणून मीच सांगितलंय. सकाळी साडेसातला जाते, सहाला येते. स्वतः फाटकाशी उभा राहून निरोप देतो.

एक आवाज येतोय असं ही म्हणते. टक. थोडं थांबून टक. डावीकडून. मला फारसा ऐकू येत नाही. बहुतेक डिकीतली पाण्याची बाटली.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.२०

ट्रायल घेतली. गल्लीतून पाण्याच्या टाकीपर्यंत, तिथून उतार, खाली शाळेच्या बसचा बाक, वळसा, परत. डिकी रिकामी केली होती. टक आलाच. म्हणजे बाटलीचा दोष नव्हता. बिचारी बाटली.

उताराला स्टीअरिंग किंचित थरथरतं. रस्ता खराब.

संकल्प : नट बदलणार. त्या चाकाचे चारही नवे, चकचकीत. मुळावरच घाव.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्याच दुकानात गेलो. काउंटरवाला म्हणाला, तुमच्या चाकाच्या भोकाला कड तिरकी आहे, म्हणून नटही खालून निमुळताच लागतो. सपाट बुडाचा चालायचा नाही, तो भोकात बसतच नाही, नुसता वर टेकतो. मी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सपाट बुडाचे घेतले, कारण चकाकणारे तेवढेच होते.

मुलीला गाडी द्यायची तर चांगली दिसायला नको?

११ फेब्रुवारी, मंगळवार

नवे नट बसवले. तो जन्मात न निघणारा जुना नट पाइपवर उभा राहिल्यावर निघाला. थोडी फट राहत होती. प्रत्येकाखाली दोन दोन वायसर घातले, फट संपली. इतकी साधी युक्ती कारखानेवाल्यांना सुचू नये.

पहिल्या नटाबरोबर जुन्या एका स्टडचे आटे सोलले गेले, पाइपमुळे. वरचे चारच आटे. खाली आहेत अजून.

लेक शेजारी उभी होती. एकदा चाकाकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी म्हणाली, मी सगळा खर्च करते, वेळ मी काढते, तुम्ही येऊही नका, फक्त उस्तादला एकदा दाखवू द्या. माझा आवाज चढला. म्हटलं, त्या गॅरेजात ही गाडी गेली तर माझी गाडी म्हणून नेऊ नको. शेजारच्यांच्या खिडक्या उघडल्या. हिनं मला गोळी आणून दिली, बीपीची.

त्यानंतर लेक काही बोलली नाही. पटलं असणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आश्चर्य! पेट्रोलचा काटा हललेला नाही. रोज चोवीस किलोमीटर जाऊन येऊन मंगळवारपासून काटा जिथल्या तिथे. चाक घट्ट बसलं की घर्षण कमी होतं, घर्षण कमी की पेट्रोल कमी. ऑफिसात दोघांना समजावून सांगितलं. एकजण उठून पाणी प्यायला गेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

हिला बहिणीकडे सोडतो म्हटलं तर म्हणाली, मी बसनं जाते. गाडीत मळमळतं. सतरा वर्षं नाही मळमळलं ते आता मळमळतं. बसमध्ये मळमळत नाही का विचारलं, तर म्हणाली, बसची चाकं दुसऱ्या कुणी बसवलीत.

टोमणा असावा. दुर्लक्ष केलं.

गाडी धुतली. डाव्या चाकावर प्रत्येक नटापासून बाहेरच्या बाजूला तांबूस रेघ उमटली आहे. कुंकवाची बोटं ओढावीत तशी. फडक्याने पुसली. रस्त्याची धूळ. बाकीच्या तीन चाकांवर धूळ कशी बसत नाही याचा विचार वेळ मिळाला की करायचा आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

तांबूस रेघा परत. गाडी रात्रभर उभी होती. काल पुसताना राहिल्या असतील.

१९ फेब्रुवारी, बुधवार

खालच्या मजल्यावरचे पेन्शनर म्हणाले, तुमची गाडी रोज दिवसभर पाण्याच्या टाकीमागे उभी दिसते. मी हसलो. म्हटलं, हे मॉडेल त्या काळात फार खपलं. ते म्हणाले, नंबरही तोच आहे. मी म्हटलं, आजोबा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. ते वर गेले. खाली राहतात, वर कशाला गेले कोण जाणे. हिच्याशी बोलत होते बराच वेळ.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ८.१०

लेकीला सुट्टी. मलाही सुट्टी, म्हणून मीच गाडी काढली. ट्रायल घेतली. उतारावर आता टक-टक नाही. सलग येतो. रर्र असा. टकटक गेली ही प्रगतीच. पायाखालची फरशी मात्र थरथरते. पायांना मसाज.

खाली बाकावर शाळेची सात-आठ मुलं बसची वाट बघत होती. पाठीवर दप्तरं. मला बघून उभी राहिली, चाकाकडे बोटं दाखवायला लागली, दोघं तर ओरडली. चकाकणाऱ्या नटांचं कौतुक. मी हॉर्न वाजवून हात केला. ती बाकामागे पळाली. मुलं लाजरी असतात.

घरी सांगितलं तर लेकीच्या हातातली बशी खाली गेली. म्हणाली, तुम्ही उतारावर नेली? आज? मुलं असताना? मी म्हटलं, मग गाडी काय कपाटात ठेवायची? तिनं किल्ली घेतली. आजपासून आपल्याकडेच ठेवते म्हणाली, हरवायला नको म्हणून. बशीचे तुकडे मीच गोळा केले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस राहिले. बॅगा भरून दारात. ही तिला घड्या करून देते, दोघी हळू बोलतात, मी गेलो की थांबतात. आईलेकीचं. लेक दोन वर्षांची असताना याच गाडीत माझ्या मांडीवर बसून स्टीअरिंग धरायची. खोटं आहे, तेव्हा ही गाडी नव्हती. पण धरायची हे खरं.

तिला द्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे? ही गाडी आणि माझे हात.

संकल्प : २७ ला फायनल टाइट. २८ ला सकाळी आठला, माझ्यासमोर, फोटो काढून, मगच निघायचं. तिला बजावलं. आठला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ५.४०

फायनल टाइट केलं. लेक अजून आली नव्हती, पण गाडी फाटकात होती. आज बसनं गेली असेल. पाइप लावला. पहिला नट ठीक. दुसरा ठीक. तिसरा ठीक म्हणायला हरकत नाही. चौथ्याला खट् झालं आणि नट स्टडच्या तुकड्यासकट माझ्या हातात आला.

पाच मिनिटं तसाच जमिनीवर बसलो होतो.

मग विचार केला. रिक्षा तीन चाकांवर चालते. तिवई तीन पायांवर उभी राहते, उलट चार पायांची डुगडुगते. मग चाक तीन नटांवर का नाही?

पण रिकामं भोक वाईट दिसतं. तिचा जीव टांगणीला लागेल, एवढा घाट चढायचाय. दोन नळ्यांतला मिसळायचा गोंद असतो ना, घट्ट बसणारा, तो आणला आणि नट त्या जागी चिकटवला. पुसून काढला. ओळखूही येत नाही. चारही एका रांगेत चकाकतात.

६.३०. लेक आली. चाकापाशी वाकली, बोटाने मोजत होती. एक, दोन, तीन, चार. उठली, माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली या महिन्यात. मीही हसलो.

नीट हसू आलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६.४०

उठलो तर गाडी नाही. लेक नाही. आठला म्हटलं होतं! फोटो राहिला. ही म्हणते, पावणेसहाला गेली, लवकर निघायचं होतं. बॅगा मात्र दारातच आहेत. बॅगा नेल्या नाहीत का विचारलं, तर ही गॅसकडे तोंड करून उभी राहिली.

खाली जाऊन बघतो.

२८ फेब्रुवारी. ६.५५

फाटकाजवळ एक नट. गोंद लागलेला.

फोन केला. उचलत नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हे मीच शिकवलंय तिला. पुन्हा केला. पुन्हा.

जातो.

२८ फेब्रुवारी. संध्याकाळी ४.३०

खरं तेच लिहायचं, असं पहिल्या पानावर लिहिलंय.

चपला न घालता निघालो. रस्त्याकडे बघत. पाण्याच्या टाकीपाशी दुसरा नट सापडला, त्याच्या पुढे एक वायसर. उताराच्या तोंडाशी तिसरा. तो उचलला नाही. वाकलो असतो तर परत उभा राहिलो नसतो.

उताराच्या मध्यावर गाडी डाव्या बाजूला गुडघे टेकल्यासारखी बसली होती. दार उघडं. आत कोणी नाही, नुसता तिचा फोन. मी आत हात घालून सीट चाचपली. कशाला ते माहीत नाही.

मग खाली बघितलं. उस्तादच्या गॅरेजच्या पायरीवर लेक बसली होती. हातात चहाचा कप. मला बघून उठली आणि म्हणाली, बाबा, तुमच्या पायात चप्पल नाही.

तिनं सगळं सांगितलं. रागावून नाही, रिपोर्ट वाचतात तसं. ११ तारखेलाच तिनं उस्तादला चेसिस नंबर दिला होता. जुनं मॉडेल, बरोबर आट्यांचे स्टड मागवावे लागले, ते काल आले. मधले दिवस ती रोज गाडी टाकीमागे लावून बसनं जायची. मला वाईट वाटू नये म्हणून. बीपी वाढू नये म्हणून. पेट्रोलचा काटा का हलला नाही ते मला तिथे कळलं. पेन्शनरांचा चष्माही ठीक आहे.

उस्ताद म्हणाला होता, चालवू नका, मी वर येऊन जागेवर करतो. तिनं ठरवलं होतं की चारही नट जागेवर असतील तर चालण्याच्या वेगाने उतरता येईल, कोणी रस्त्यावर नसताना. तुमच्या फाटकात उस्ताद आला असता तर तुम्ही काय केलं असतं, बाबा? म्हणून सहाच्या आत.

मग म्हणाली, मी काल संध्याकाळी मोजले होते. चार होते.

मी खिशातला गोंदाचा नट मुठीत दाबला. मूठ उघडली नाही. ती मुठीकडे बघत होती. तिला सगळं कळतं, लहानपणापासून कळतं.

चाक उतारावर निघालं तेव्हा उस्ताद चालत वर येत होता. त्याच्या शेजारून गेलं म्हणाला. गाडीपेक्षा जोरात. खाली जाऊन शाळेच्या बाकाला धडकलं, बाकाची मधली फळी तुटली आणि चाक फळ्यांत अडकून उभं राहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. सहा वाजता बाकावर कोणी नसतं.

मी आठची वेळ दिली होती. फोटोसाठी.

उस्ताद हसला नाही. हसला असता तर मला भांडता आलं असतं. त्यानं एक कंगव्यासारखी पट्टी काढली, बारीक दातांची, माझ्या स्टडवर टेकवली. दात बसले नाहीत. नव्यावर टेकवली, बसले. दोन सेकंदांचं काम. तसली पट्टी माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे. आठ वर्षं आहे. दुसऱ्यांचे स्क्रू मापायला दिलेली.

नवे नट त्यानं हाताने फिरवले. पाना फक्त शेवटी, क्रमाने, समोरासमोर. पान्याने कट् केलं की थांबायचा. मी उभा राहून बघत होतो. म्हणाला, धरायचाय का साहेब, शेवटचा? मी नको म्हटलं.

साडेबाराला ती निघाली. बॅगा मी आणल्या. निघताना खिडकीतून हात बाहेर काढून तळवा पुढे केला. मी कळत नसल्यासारखं केलं. तिनं हात मागे घेतला नाही. शेवटी मूठ उघडली आणि नट तिच्या हातावर ठेवला. तिनं तो बघितला, गोंदावर नख फिरवलं, आणि पर्समध्ये टाकला.

४.१०. मेसेज आला. पोचले.

ही म्हणाली, पोचली. मी म्हटलं, हो, वाचलं. मग दोघंही बराच वेळ दाराकडे बघत बसलो, जिथे बॅगा होत्या.

१ मार्च, शनिवार. सकाळी ८.१५

सुट्टी. सकाळी सातला एक फळी, करवत आणि मोजपट्टी घेऊन बाकापाशी गेलो. फळी तीनदा मापली. तरी बोटभर कमी पडली. गॅरेजातून उस्ताद दुसरी घेऊन आला. तिची लांबी बरोबर होती. त्यानं स्क्रू लावले, मी फळी धरली.

पावणेआठला मुलं आली. बसायच्या आधी एकाने बाक हलवून बघितला. मला म्हणाला, काका, घट्ट आहे ना?

मी म्हटलं, त्यांना विचार.